संक्रांतीचं वाण आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी (बडोदेकर बायकांसाठी, पुरुषांनी पण वाचा)

दांडियाबाजारची
६ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत दोन महिने काढले. काल आमच्या जाऊबाईच म्हणाल्या, तू तिकडे लिहितेस ना, मग हे लिही, माझं नाव तेवढं घालू नकोस. म्हणून बसलेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

जाऊबाईंना मी ताईच म्हणते. वय ५९. भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली, ताईंची पाळी जाऊनही सात-आठ वर्षं झाली असतील. गेल्याच्या गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांना अंगावर थोडं लाल दिसलं. त्यांना वाटलं उष्णता, मग सब्जा झाला, गुलकंद झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं. महिन्या-दीड महिन्यानं परत. मग पांढरं जायला लागलं, त्याला वास, मग कंबर दुखायला लागली तर ती म्हणे दिवाळीचं घर आवरताना लचकली. असे आठ महिने. एकाच वाड्यात खाली त्या वर आम्ही, सकाळचा चहा रोज एकत्र, आणि मला पत्ता नाही. जुनं सुती पातळ फाडून घड्या करून वापरत होत्या, वेगळ्या धुवून गच्चीच्या मागच्या तारेवर साडीखाली वाळत घालत होत्या. एक दिवस मला ती घडी दिसली. विचारलं तर म्हणाल्या, या वयात कुणाला सांगू गं, लाज वाटते.

मग दवाखाना, बायॉप्सी, आणि रिपोर्टात पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज ३बी. म्हणजे ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पोचलेला, एका किडनीला सूज. ऑपरेशनची वेळ गेली होती. अमदावादला पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज शेक (रेडिएशन), आठवड्यातून एकदा केमोची बाटली, आणि शेवटी आतून शेक, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात, ते त्यांना सगळ्यात अवघड गेलं. खर्च बराचसा आयुष्मानच्या कार्डावर निघाला. सध्या बऱ्या आहेत, दर तीन महिन्यांनी दाखवायला नेतो.

पण मला जे टोचतंय ते वेगळंच आहे. डॉक्टर मॅडमनी ताईंना विचारलं, याआधी कधी तपासणी केली होती? नाही. मग माझ्याकडे वळून, तुम्ही? मी पण नाही. मी ४७ ची, शिकलेली, शाळेत शिकवते, दर वर्षी शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी सगळं करते. ही तपासणी असते एवढंही धड माहीत नव्हतं.

आणि दुसरं. आमच्याकडे संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू मोठं असतं, चाळीस-एक बायका येतात. तिथे सगळं बोलणं होतं, कुणाची पाळी लांबली, कुणाची पिशवी काढली, कुठली डॉक्टर हाताला हलकी आहे. भाऊजी गेल्यापासून ताईंना कुणी बोलावलं नाही, आमच्या घरच्या हळदीकुंकवाला सुद्धा त्या आत स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसायच्या. जिला हे ऐकायची सगळ्यात जास्त गरज होती ती भिंतीपलीकडे. मी स्वतः हे अकरा वर्षं होऊ दिलं.

तर या वर्षी वाट्या-डबे लुटायचे नाहीत. वाण म्हणून तपासणी. पैसे मी काढते. आणि बोलवायचं ते सगळ्यांना, कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या, लग्न न झालेल्या. मला माहिती हवीय की कुठली टेस्ट, किती पैसे, बडोद्यात कुठे, आणि बायकांना तयार कसं करायचं. कृपया ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा.


सिस्टर_मांजलपूर
६ जानेवारी, रात्री ११.५५

ताई, आधी तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. ३१ वर्षं सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी बायकांच्याच वॉर्डात, आता रिटायर आहे. मी सांगते.

पहिली गोष्ट, पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी लाल दिसलं तरी ती उष्णता नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, वासाचं पांढरं जाणं, हे पण तसंच. दर वेळी कॅन्सर निघतो असं नाही, बहुतेकदा दुसरंच काहीतरी साधं निघतं, पण बघितल्याशिवाय कसं कळणार.

दुसरी, तपासणी ही काहीही त्रास नसताना करायची असते आणि हेच बायकांच्या गळी उतरत नाही. हा कॅन्सर जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि आयुष्यात कधी ना कधी बहुतेक सगळ्यांनाच येऊन जातो, बायकांना पण, पुरुषांना पण. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपणहून घालवतं. जिच्यात तो ठाण मांडून बसतो तिच्या पिशवीच्या तोंडाच्या पेशी बदलायला लागतात आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. एवढा वेळ हा रोग आपल्याला देतो आणि तेवढ्या वर्षांत एकदा सुद्धा कुणी आत बघत नाही.

टेस्ट तीन. व्हीआयए म्हणजे व्हिनेगरसारखंच ॲसिटिक ॲसिड कापसानं तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं, बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा चट्टा दिसतो. लगेच कळतं, लॅब लागत नाही, सरकारीत हीच करतात, दर ५ वर्षांनी. पॅप स्मिअर म्हणजे ब्रशनं पेशी घेऊन काचेवर, ती दर ३ वर्षांनी. आणि एचपीव्ही डीएनए, विषाणू आहे का तेच बघतात, ती सगळ्यात भरवशाची, ३० नंतर, ५ वर्षांनी एकदा केली तरी चालते.

पन्नाशीच्या पुढच्यांनी एक लक्षात ठेवा, पाळी गेल्यावर ती बघायची जागा आत सरकते म्हणून व्हिनेगरची टेस्ट त्या वयात तितकी उपयोगाची नाही, एचपीव्ही किंवा पॅप करा.

सरकारी यंत्रणेत ३० ते ६५ च्या बायकांसाठी ही तपासणी आहे, निरामय गुजरात या राज्याच्या योजनेत पण बीपी-शुगरबरोबर धरलेली आहे. आपल्या भागातल्या अर्बन हेल्थ सेंटरला जाऊन आशाबेनला, म्हणजे आशा वर्करला, विचारा कुठल्या वारी करतात. एसएसजी या सरकारी हॉस्पिटलच्या बायकांच्या ओपीडीत पण जाता येतं, सकाळी लवकर जा, केस पेपर काढायला रांग असते.

पाळीच्या दिवसांत करू नका, आणि आधीचे दोन दिवस संबंध नाही, आतून लावायचं औषध नाही. बस एवढीच तयारी.


मकरपुरा_वैशाली
७ जानेवारी, सकाळी ७.१२

वाचून अंगावर काटा आला. माझी सासू गेले तीन महिने कंबर कंबर करतेय. आज विचारते.


धाराशिवची_लेक
७ जानेवारी, दुपारी २.०५

मी माहेरची धाराशिव जिल्ह्यातली, लग्न होऊन बडोद्यात आले त्याला १४ वर्षं झाली. हा धागा बघून राहवलं नाही.

मी शाळेत असताना आमच्या गावात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आली होती. घरोघरी फिरून ३० ते ५९ वयाच्या बायकांची नावं घेतली. माझ्या आईला शेतातून बोलावून नेलं होतं, ती जायला तयार नव्हती, आजी म्हणाली जा, फुकट आहे तर बघून तरी घेतील. आईचं काही निघालं नाही पण आमच्या शेजारच्या मावशींचं निघालं, कॅन्सर नाही, त्याच्या आधीचंच काहीतरी, त्यांना बार्शीला नेऊन उपचार केले आणि त्या आज ७० च्या पुढे आहेत, अजून कडब्याच्या पेंढ्या उचलतात.

मोठी झाल्यावर मला कळलं की तो जगातला एक महत्त्वाचा अभ्यास होता. १ लाख ३१ हजार बायका होत्या त्यात, ५२ गटांत वाटलेल्या, काही गटांना एचपीव्ही टेस्ट, काहींना पॅप, काहींना व्हिनेगर आणि काहींना तपासणी नाही, नुसती माहिती. आठ वर्षांनी मोजलं तर एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या होत्या आणि ज्यांना तपासणी नव्हती त्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे. एकदाच केलेल्या टेस्टनं एवढा फरक. २००९ मध्ये ते छापून आलं आणि जगभर डॉक्टर त्याचा दाखला देतात.

मला ते ६४ वाचून खूप त्रास झाला. आमच्याच आजूबाजूच्या गावांतल्या बायका त्या. त्यांच्यामुळे जगाला कळलं की तपासणी केली तर काय वाचतं, आणि आपण शहरात राहून, रिक्षानं दहा मिनिटांवर दवाखाना असून करत नाही. सरकारच्याच २०१९-२१ च्या सर्व्हेत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी केलेल्या १.९ टक्के होत्या. शंभरात दोन सुद्धा नाहीत.

ताई, तुमच्या हळदीकुंकवाला मी येते. पैशात पण घ्या मला.


रावपुरा_जुना
७ जानेवारी, रात्री ९.३०

मी ७१ वर्षांचा आहे. या विषयावर पुरुषानं लिहावं का माहीत नाही, पण शीर्षकात पुरुषांनी पण वाचा असं आहे म्हणून लिहितो.

माझी पत्नी १९९८ साली याच आजारानं गेली. ४१ वर्षांची होती. मुलं नववीत आणि सहावीत. तिला संबंधानंतर रक्त जायचं, मला ते माहीत होतं, दोघांनाही माहीत होतं, आणि आम्ही त्यावर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं बायकांचं काहीतरी असेल. तिला वाटायचं नवऱ्याला किळस येईल. दीड वर्ष तसंच गेलं. सूरसागरच्या काठावर रोज संध्याकाळी आम्ही फिरायला जायचो, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो.

पुरुषांना एवढंच सांगणं आहे की तुम्हाला हे कळतं, घरात दुसऱ्या कुणाहीपेक्षा आधी तुम्हालाच कळतं. विचारा. आणि तपासणीला सोबत जा, आत नाही जाता येत तर बाहेर बाकावर बसा. मी दोन्ही सुनांशी हे बोलू शकत नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मुलाला हा धागा प्रिंट करून आणायला सांगितला आणि डायनिंग टेबलवर ठेवला. धाकटीनं वाचला असं दिसतंय.


दांडियाबाजारची
७ जानेवारी, रात्री १०.१०

काका, तुमचं लिहिलेलं मी ताईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या त्यांना सांग हळदीकुंकवाला सुनांना पाठवा, दोघींनाही.


नातीची_आजी
८ जानेवारी, सकाळी ११.२०

कुणाला वाईट वाटेल तर माफ करा, पण मला हे पटत नाही. हळदीकुंकू शुभ असतं, नवीन सुना येतात, हलव्याचे दागिने, बोरन्हाण, त्यात कॅन्सरचं नाव कशाला? तपासणी चांगलीच आहे, पण वेगळा दिवस ठेवा ना. आणि विधवांना बोलवायचं म्हणता, त्यांना स्वतःलाच अवघड होतं, मी बघितलंय. जबरदस्ती नको.


दांडियाबाजारची
८ जानेवारी, दुपारी ४.४५

आजी, तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मी पण तसंच लिहिते. वेगळा दिवस ठेवला तर कोण येईल? मी शाळेत दोन आरोग्य शिबिरं लावली आहेत, नाव बायकांची तपासणी असं लिहिलं की सहा जणी येतात आणि त्या सहाही बीपी मोजून जातात. हळदीकुंकवाला चाळीस येतात, छान साडी नेसून, आपखुशीनं, घरातल्या कुणाला कारण सांगायला लागत नाही. तोच दिवस आहे. तपासणी त्या दिवशी नाहीच करायची, फक्त तिथे सांगायचं आणि चिठ्ठी द्यायची, जायचं नंतर, दोघी-तिघींनी मिळून.

आणि बोलावण्याचं म्हणाल तर ताईंना मी विचारलं, अवघड वाटेल का. म्हणाल्या पहिल्या वर्षी वाटलं असतं, नंतर कुणी विचारलंच नाही.


कारेलीबागचा_बाबा
९ जानेवारी, रात्री ८.१५

माझी मुलगी १२ वर्षांची आहे. लहान मुलांच्या डॉक्टरांनी एचपीव्हीची लस घ्या म्हणून सांगितलंय. बायको तयार आहे, माझी आई नाही म्हणतेय. आईचं म्हणणं असं की आपल्याच बडोदा जिल्ह्यात पूर्वी ही लस दिली होती आणि त्यात मुली दगावल्या, मग सरकारनं बंद केली. आई तेव्हा डभोईला शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिचं ऐकीव नाही. मला खरं काय ते सांगाल का? शिवाय लस घेऊन पुढे मूल होत नाही असं पण व्हॉट्सॲपवर येतं. एकुलती एक आहे हो, चूक करायची नाहीये.


लॅबवाली_अकोटा
९ जानेवारी, रात्री ११.३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्मिअर बघायचं काम करते, १८ वर्षं. दादा, तुमच्या आईंची आठवण बरोबर आहे आणि त्यांच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. जे झालं ते सगळं सांगते, मग तुम्ही ठरवा.

२००९ मध्ये आंध्रातला खम्मम जिल्हा आणि आपला बडोदा जिल्हा, इथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे डभोई, शिनोर आणि कवांटमध्ये. पाथ नावाची परदेशी संस्था, आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था आणि राज्य सरकारं मिळून करत होती. सात मुलींचे मृत्यू झाले, पाच तिकडे, दोन आपल्याकडे, आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत जी कारणं आली ती साप चावणं, पाण्यात बुडणं, विष पिणं, मलेरिया अशी होती, लसीशी संबंध जोडता आला नाही. पण त्याच चौकश्यांत आणि नंतर २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात हेही आलं की आईबापांची संमती नीट घेतलेली नव्हती, आश्रमशाळांतल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. ते चूकच होतं. गरीब घरच्या, आदिवासी मुली, त्यांच्या आईबापांना विचारलं सुद्धा नाही, मग लोकांनी विश्वास का ठेवावा? तुमच्या आईंना राग असेल तर तो रास्त आहे.

आता त्याच्याच पुढची गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे. त्याच वेळी भारतात याच लसीचा एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात ते बघायला, अमदावाद, बार्शी, पुणे, मुंबई अशा बऱ्याच ठिकाणी. एप्रिल २०१० च्या बंदीमुळे तो पण मधेच थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला, पुढचे राहिले. डॉक्टरांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी बघितलं तर एकच डोस मिळालेल्यांना सुद्धा विषाणूच्या १६ आणि १८ या मुख्य दोन प्रकारांपासून जवळजवळ तितकंच संरक्षण होतं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस पण चालेल असं म्हटलं त्यात आपल्या या मुलींचा मोठा वाटा आहे.

मूल न होण्याशी संबंध कुठल्याच अभ्यासात सापडलेला नाही. हात दुखतो, थोडा ताप, एखादीला चक्कर येते म्हणून टोचल्यावर १५ मिनिटं बसवतात. स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली-बायकांची नोंद बघितली तर १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांना हा कॅन्सर होण्याचं प्रमाण ८८ टक्के कमी होतं.

लस नेहमीच्या पद्धतीनं ९ ते १४ मध्ये दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं, १५ च्या पुढे तीन. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली, ती त्यातल्या त्यात स्वस्त पडते, बाहेरच्या लसी महाग आहेत. २०२४ च्या बजेटात अर्थमंत्र्यांनी ९ ते १४ च्या मुलींसाठी या लसीला प्रोत्साहन देऊ असं सांगितलं होतं, त्यामुळे सरकारीत कुठल्या वयाला मिळते ते आशाबेनला विचारून घ्या. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही, कारण या कॅन्सरपैकी १६ आणि १८ मुळे मिळून ७० टक्केच होतात, बाकीचे प्रकार राहतात.

माझं मत विचाराल तर द्या. मी माझ्या मुलीला दिली, आणि पुतण्याला पण, मुलांना पण देता येते. पण आईंना बाजूला ठेवून नका देऊ. हे सगळं त्यांना वाचायला द्या, त्या शिक्षिका आहेत, वाचतील.


कारेलीबागचा_बाबा
१० जानेवारी, सकाळी ६.५०

मनापासून धन्यवाद. आईनं रात्री चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, वॉर्डनच्या सह्यांचं लिहिलंय म्हणजे बाकीचं पण खरं असेल.


मेघा_२९
१० जानेवारी, दुपारी १.३०

विचारू की नको कळत नव्हतं. लग्न झालेलं नाही. मागच्या वर्षी मी स्वतःहून एका ठिकाणी पॅपसाठी गेले होते. काउंटरवरच्या बाईनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, मॅरिड का? मी नाही म्हटलं तर मग कशाला हवीय असं तोंड केलं. आत मॅडम पण म्हणाल्या लग्न झाल्यावर या. मला खरं काय ते सांगायचं होतं पण दार उघडं होतं आणि बाहेर माणसं बसलेली. तशीच परत आले. रिक्षात रडले.


सिस्टर_मांजलपूर
१० जानेवारी, दुपारी ३.००

मेघा बेटा, तुझं काही चुकलं नाही. प्रश्न लग्नाचा नसतोच, संबंध आलेत की नाही एवढाच असतो आणि तो दार लावून विचारायचा असतो. आले असतील तर तुला तपासणीचा पूर्ण हक्क आहे, पॅप आत्ता करता येईल, तिशीनंतर एचपीव्ही. नसतील आले तर घाई नाही. आत गेल्यावर आधी म्हण, मॅडम दार लावा, मला एकट्यात बोलायचंय. मी अशा कितीतरी मुली बघितल्या ज्या हे एक वाक्य न बोलता परत गेल्या. मला मेसेज कर, मी येते तुझ्याबरोबर, कुणी विचारलं तर मावशी म्हणून सांग.

आणि ज्यांना फारच संकोच वाटतो त्यांच्यासाठी, एचपीव्हीचा नमुना स्वतःचा स्वतः पण घेता येतो, लांब काडीचा मऊ ब्रश असतो, बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा. सगळीकडे नाही मिळत, लॅबला फोन करून विचारा.


मेघा_२९
१० जानेवारी, दुपारी ३.२०

मेसेज केलाय मावशी.


मकरपुरा_वैशाली
१८ जानेवारी, रात्री ९.००

सासूबाईंना दाखवलं. पिशवीचं काही नाही, मणक्याचं आहे, व्यायाम दिलेत. पण मॅडमनी त्याच बैठकीत पॅप करून टाकली त्यांची पण आणि माझी पण. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, एवढंच? चिमट्याचा गारवा लागला तेवढाच.


दांडियाबाजारची
७ फेब्रुवारी, रात्री १०.००

उशीर झाला, माफ करा. झालं आमचं हळदीकुंकू, रथसप्तमीला. ५२ जणी आल्या. त्यात नऊ जणी अशा की ज्यांना कित्येक वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. ताई यावर्षी बाहेर बसल्या, मोरपंखी साडी नेसून, तिळगूळ त्यांच्याच हातून. कुंकू कुणी लावून घेतलं, कुणी नाही, कुणी विचारलं नाही. सिस्टरनी दहा मिनिटं सांगितलं आणि मग ताई स्वतः उभ्या राहिल्या. मी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं. जुन्या पातळाच्या घड्यांचं त्यांनी सांगितलं, साडीखाली वाळत घालायचं सांगितलं. खोलीत आवाज नव्हता. खालच्या पोळातल्या (गल्लीतल्या) एका काकूंनी तिथेच हात वर केला, मला पण होतंय म्हणाल्या, चार महिने.

आतापर्यंत २७ जणी तपासून आल्या. त्या काकूंचा मस्सा निघाला, काढून टाकला, तपासायला पाठवलेला साधा निघाला. पण दुसरी एक, ३८ ची, काहीही त्रास नसलेली, नुसती मैत्रिणीला सोबत म्हणून गेलेली, तिचा व्हिनेगरनं पांढरा चट्टा दिसला. कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, केली, बायॉप्सी केली, कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी. आता तेवढी जागा उष्णतेनं शेकून टाकतात, भूल सुद्धा लागत नाही, तसं केलं. एक मिनिट. मी बाहेर होते. ताईंचा शेक २५ दिवसांचा होता, आतला वेगळा. मी तिथे बाकावर बसून किती वेळ तेच मोजत होते.

आता माझं. माझी एचपीव्ही पॉझिटिव्ह आली. पॅप नॉर्मल, १६-१८ नाही, दुसरा प्रकार, वर्षानं परत करायची. मॅडमनी नीट समजावलं तरी दोन रात्री झोप नाही. आणि घरी सांगितलं तर हे गप्प झाले, मग हळूच म्हणाले, म्हणजे कुणाकडून? २२ वर्षांच्या संसारात मला एवढं लागलेलं दुसरं काही आठवत नाही. मी हे इथे लिहितेय कारण ज्या २७ जणींना मी पाठवलं त्यांच्यातल्या आणखी कुणाच्या घरात हाच प्रश्न आला असेल तर मला माहीत असायला हवं.


लॅबवाली_अकोटा
७ फेब्रुवारी, रात्री १०.४०

ताई, त्यांना हे दाखवा. या विषाणूवरून कुणाकडून आणि कधी हे कुणालाच सांगता येत नाही. लग्नाच्या सुरुवातीला आलेला विषाणू २० वर्षं झोपून राहून आज टेस्टमध्ये दिसू शकतो. तो पुरुषांतही काहीही लक्षण न देता असतो आणि पुरुषांसाठी अशी नेहमीची टेस्ट नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नाही आणि चारित्र्याचा दाखला तर अजिबातच नाही. तुमची पॅप नॉर्मल आहे, बऱ्याच जणींची वर्षभरात परत निगेटिव्ह येते. तारीख तेवढी चुकवू नका, आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.


रावपुरा_जुना
८ फेब्रुवारी, सकाळी ८.००

दांडियाबाजारची, तुमच्या मिस्टरांना माझा फोन द्यायला मी तयार आहे. वडीलधारा म्हणून बोलेन. दोन्ही सुना जाऊन आल्या, मुलगे बाहेर बाकावर बसले होते.


नातीची_आजी
९ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

मी पण त्या दिवशी आले होते, मागे बसले होते, सांगितलं नाही कुणाला. सिस्टर, मी ६८ ची आहे, कधीच केलेली नाही. ६५ पर्यंतच असते असं वाचलं. मग मी राहिले का?


सिस्टर_मांजलपूर
९ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

नाही आजी, राहिला नाहीत. ६५ ला थांबायचं ते आधी नियमित केलेल्या आणि नॉर्मल आलेल्यांनी. कधीच केलेली नसेल तर एकदा करूनच घ्या.


दांडियाबाजारची
९ फेब्रुवारी, रात्री ९.३५

ह्यांनी वाचलं. काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षीची तारीख त्यांनीच फोनमध्ये टाकली.

आजी, शनिवारी आमची पुढची खेप आहे. ताईंनी स्वतः फोन करून नवापुऱ्यातल्या चौघी जमवल्या आहेत, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. दोन रिक्षा सांगितल्या आहेत, साडेआठला न्यायमंदिराजवळून निघतो. दुसऱ्या रिक्षात ताईंच्या शेजारची जागा रिकामी आहे, ती तुमच्यासाठी धरून ठेवतेय. पाण्याची बाटली आणि आधारकार्ड घेऊन या.